विष्णुपंत दामले

विष्णुपंत गोविंद दामले (जन्म : पेण, १४ ऑक्टोबर १८९२, मृत्यू : ५ जुलै १९४५) हे मराठी चित्रपटसृष्टीच्या घडणीच्या काळातील तंत्रज्ञ, ध्वनिलेखक, दिग्दर्शक आणि प्रभात फिल्म कंपनीचे एक संस्थापक होते. एस. फत्तेलाल यांच्यासह दिग्दर्शित केलेल्या ‘संत तुकाराम’ (१९३६) या चित्रपटासाठी त्यांचे नाव प्रामुख्याने घेतले जाते. चित्रपटव्यवसायात ते ‘दामलेमामा’ या नावाने ओळखले जात. दिग्दर्शक म्हणून त्यांना मिळालेल्या कीर्तीमुळे त्यांच्या आयुष्याची दुसरी बाजू काहीशी झाकली गेली आहे. यंत्र उघडून त्याचे कार्य समजून घेणे, हाताशी असलेल्या साधनांतून ते उभे करणे आणि चालू ठेवणे हे त्यांचे मूळ काम होते. मूकपटाच्या आरंभी कॅमेऱ्याच्या आणि बोलपटाच्या आरंभी ध्वनिलेखन यंत्राच्या बाबतीत त्यांनी हेच केले.

== पूर्वायुष्य ==

दामले यांचा जन्म उत्तर कोकणातील पेण येथे झाला. पेण तेव्हा कुलाबा जिल्ह्यात होते. आज ते रायगड जिल्ह्यात आहे. चित्रकलेच्या ओढीने ते कोल्हापुरास आले आणि आनंदराव पेंटर व बाबूराव पेंटर यांच्या सहवासात दाखल झाले. बाबूरावांचे मूळ आडनाव मेस्त्री. चित्रकला, शिल्पकला आणि यांत्रिक कामे या तिन्हींत त्यांना स्वाभाविक गती होती. संगीत नाटक मंडळ्यांसाठी रंगविलेले पडदे हा या दोघांचा व्यवसाय होता. त्या काळी नाटकाच्या यशात पडद्यांचा वाटा मोठा असे. राजवाडा, अरण्य, रस्ता अशी दृश्ये खोलीचा आभास निर्माण करून रंगविण्याच्या या कामात दामले आणि फत्तेलाल उमेदवार म्हणून तयार झाले.

फत्तेलाल यांचा जन्म १८८६ साली कागल येथे झाला होता. दामले आणि फत्तेलाल यांची मैत्री या कार्यशाळेत जुळली आणि ती दामले यांच्या मृत्यूपर्यंत टिकली. पुढे दोघांची नावे इतकी एकत्र घेतली जाऊ लागली की त्यांच्या कामाची विभागणी करणे अभ्यासकांनाही अवघड जाते. ढोबळमानाने, फत्तेलाल यांच्याकडे नेपथ्य आणि कलादिग्दर्शन असे, तर दामले यांचा ओढा यंत्रांकडे होता.

== कॅमेऱ्याची जुळणी ==

दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ मध्ये प्रदर्शित झाल्यानंतर कोल्हापूरच्या या मंडळींना चित्रपटनिर्मितीचे वेध लागले. अडचण कॅमेऱ्याची होती. परदेशी कॅमेरा विकत घेण्याइतके भांडवल त्यांच्याजवळ नव्हते. आनंदरावांनी मुंबईहून चित्रपट दाखविण्याचे एक जुने यंत्र मिळविले आणि त्याच्या अभ्यासावरून कॅमेरा बनविण्याचे ठरले.

ही कल्पना वरवर वाटते तितकी विचित्र नव्हती. प्रक्षेपक आणि कॅमेरा यांच्या रचनेत मोठे साम्य असते. दोन्हींत फीत एक एक चौकट पुढे सरकते, क्षणभर थांबते आणि पुन्हा सरकते; सरकताना झडप प्रकाश अडविते. प्रक्षेपकात प्रकाश आतून बाहेर जातो, कॅमेऱ्यात बाहेरून आत येतो. मात्र कॅमेऱ्याच्या अटी अधिक कडक असतात. पेटीत प्रकाशाचा कणही शिरता कामा नये. प्रत्येक चौकट नेमक्या त्याच जागी थांबली पाहिजे, अन्यथा पडद्यावरील चित्र थरथरते. ही थरथर प्रक्षेपकात आली तर तो दुरुस्त करून पुन्हा चित्रपट दाखविता येतो. कॅमेऱ्यात आली तर ती फितीवर कायमची उमटते. त्यामुळे दातेरी चाके, झडप आणि फीत ओढणारी यंत्रणा यांची घडण अतिशय काटेकोर असावी लागते. कोल्हापुरातील कारागिरांच्या साध्या हत्यारांनी हे काम करावयाचे होते.

१९१६ मध्ये आनंदरावांचे अकाली निधन झाले आणि काम अर्धवट राहिले. बाबूरावांनी ते पुढे नेले. या टप्प्यावर त्यांचे प्रमुख साहाय्यक दामले होते. सुटे भाग घडविणे, बसवून पाहणे, चूक सापडली की पुन्हा उकलणे अशा दीर्घ खटपटीनंतर कॅमेरा तयार झाला. भारतीय चित्रपटाच्या इतिहासात या कॅमेऱ्याचे श्रेय रास्तपणे बाबूरावांना दिले जाते. दामले यांचे स्थान त्यात सहकाऱ्याचे आहे. परंतु त्यांचे तांत्रिक शिक्षण म्हणावयाचे ते याच कामात झाले.

== महाराष्ट्र फिल्म कंपनी ==

बाबूराव पेंटर यांनी १९१७ च्या अखेरीस कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी स्थापन केली. गायिका तानीबाई कागलकर यांनी तिला आर्थिक साहाय्य केले. कंपनीचा पहिला चित्रपट ‘सैरंध्री’ १९२० मध्ये पुण्याच्या आर्यन चित्रपटगृहात प्रदर्शित झाला. रत्नागिरीत जन्मलेले लोकमान्य टिळक त्या वेळी पुण्यात होते. हा चित्रपट पाहून त्यांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ हा किताब दिला.

या कंपनीत काटेकोर श्रमविभाग नव्हता. नट देखावे रंगवीत, चित्रकार कॅमेरा चालवीत आणि फीत धुण्याच्या अंधाऱ्या खोलीत जो मोकळा असेल तो उभा राहत असे. व्ही. शांताराम आणि केशवराव धायबर हेही येथेच घडले. या सरमिसळीमुळे अनेक उत्तम दिग्दर्शकांना तंत्राची प्रत्यक्ष जाण आली, ही या कंपनीची महाराष्ट्राला मिळालेली मोठी देणगी म्हणावी लागेल. १९२३ च्या ‘सिंहगड’ या मूकपटात कृत्रिम प्रकाशाचा वापर करून चित्रीकरण झाले. सूर्यप्रकाशावर अवलंबून असलेल्या तत्कालीन व्यवसायात हे धाडस होते.

दामले आणि फत्तेलाल यांनी १९२८ मध्ये ‘महारथी कर्ण’ हा मूकपट एकत्र दिग्दर्शित केला. दोघांचे हे दिग्दर्शनातील पदार्पण होते.

== प्रभात फिल्म कंपनी ==

१ जून १९२९ रोजी दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी या पाच भागीदारांनी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनीची स्थापना केली. कुलकर्णी यांनी भांडवल उभे केले. उरलेले चौघे बाबूरावांच्या हाताखाली तयार झालेले होते. १९२९ च्या ‘गोपाळकृष्ण’पासून १९३१ च्या ‘चंद्रसेना’पर्यंत प्रभातने सहा मूकपट काढले. त्यांना चांगले यश मिळत होते, आणि नेमक्या त्याच वेळी मूकपटांचा काळ संपला.

== बोलपटाचे आव्हान ==

अर्देशीर इराणी यांचा ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात प्रदर्शित झाला. त्याच्या ध्वनिलेखनासाठी टॅनार पद्धतीचे यंत्र वापरण्यात आले होते. या पद्धतीत चित्र आणि ध्वनी एकाच फितीवर एकाच वेळी नोंदले जात. स्टुडिओजवळून आगगाड्या जात असल्याने चित्रीकरण प्रामुख्याने रात्री करावे लागले. बोलपट म्हणजे मूकपटात संवादांची भर एवढीच बाब नाही, हे यावरून सर्वांच्या ध्यानात आले.

प्रभातपुढील प्रश्न अस्तित्वाचा होता. मूकपटाची फीत कोणत्याही प्रांतात उपशीर्षके बदलून दाखविता येत असे. बोलपटाला भाषा आली आणि तिच्याबरोबर बाजारपेठेची मर्यादाही आली. यंत्रसामग्री परदेशातून आणावी लागे. ध्वनिलेखनाची किंवा विद्युत अभियांत्रिकीची पदवी असलेला भागीदार कंपनीत नव्हता. मुंबईच्या कंपन्यांना निदान बंदर, विक्रेते आणि परदेशी तंत्रज्ञ जवळ होते. कोल्हापुरात यंत्र बंद पडले तर नवा भाग मुंबईहून रेल्वेने येईपर्यंत नट, वादक आणि कामगार यांचा खर्च चालू राहत असे. अशा परिस्थितीत ध्वनिविभागाची सूत्रे दामले यांच्याकडे आली.

प्रभातचा पहिला बोलपट ‘अयोध्येचा राजा’ फेब्रुवारी १९३२ मध्ये प्रदर्शित झाला. दिग्दर्शन शांताराम यांचे, संगीत गोविंदराव टेंबे यांचे. टेंबे यांनी हरिश्चंद्राची आणि दुर्गा खोटे यांनी तारामतीची भूमिका केली. सर्वसाधारणपणे हा पहिला मराठी बोलपट मानला जातो. ‘अयोध्या का राजा’ या नावाने त्याची हिंदी आवृत्तीही काढण्यात आली. दोन भाषांमुळे ध्वनिलेखकाचे काम दुप्पट झाले, कारण प्रत्येक संवाद दोनदा आणि दोन वेगळ्या उच्चारपद्धतींत नोंदावा लागे.

== ध्वनिलेखन यंत्रणा आणि दोषशोधन ==

दामले यांच्या कामाचे स्वरूप समजण्यासाठी त्या काळच्या ध्वनिलेखनाची साखळी पाहणे आवश्यक आहे. नटाच्या आवाजाने मायक्रोफोनचा पडदा कंप पावतो आणि अत्यंत क्षीण विद्युत संकेत तयार होतो. हा संकेत ॲम्प्लिफायरमध्ये, म्हणजे विवर्धकात, जातो. त्या वेळचे विवर्धक काचेच्या निर्वात नलिकांचे असत. त्यांना बोलीत ‘व्हॉल्व्ह’ म्हणत. एका व्हॉल्व्हने काम भागत नसे, म्हणून एकाचा वाढलेला संकेत दुसऱ्याला, दुसऱ्याचा तिसऱ्याला असे टप्पे करावे लागत. अखेरच्या टप्प्यातून निघालेल्या संकेताने प्रकाशाची तिरीप कमीजास्त केली जाई आणि ती फितीच्या कडेला एका अरुंद पट्टीवर उमटे. चित्रपटगृहात याच्या उलट क्रिया होते. पट्टीतून जाणारा प्रकाश प्रकाशविद्युत घटावर पडतो आणि तेथील विवर्धक कर्ण्याला चालना देतो.

बोलपटाची ३५ मिलिमीटर रुंदीची फीत सेकंदाला २४ चौकटी या वेगाने, म्हणजे मिनिटाला ९० फूट, धावते. या वेगाला ५,००० हर्ट्‌झचा एक कंप फितीवर मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही थोडी कमी जागा व्यापतो. स, श, च यांसारख्या व्यंजनांची स्पष्टता या उच्च कंप्रतांवर अवलंबून असते. तिरीप किंचित जाड झाली, भिंगाची जुळणी सरकली किंवा फीत धुताना रसायनाचे तापमान बदलले, की स्वर ऐकू येतात पण व्यंजने पुसली जातात. मग संवाद कळत नाही. मराठी नाट्यपदे ऐकण्याची सवय असलेल्या प्रेक्षकाला शब्द न कळणारे गाणे रुचण्यासारखे नव्हते.

दोष कोठेही उद्भवू शकत असे, हीच खरी अडचण होती. कंडेन्सर मायक्रोफोनची विद्युत रोधकता अतिशय जास्त असल्यामुळे त्याचा पहिला विवर्धक त्याच्या अगदी जवळ बसवावा लागे. पावसाळ्यात हवेतील ओल निरोधक पृष्ठभागावर बसली, तर तेथून विद्युतगळती होऊन कडकड असा आवाज येतो. विवर्धकाच्या वीजपुरवठ्यातील गाळणी नीट काम करीत नसेल, तर सतत घुमणारा आवाज ऐकू येतो. व्हॉल्व्हच्या पायांवर गंज चढला, डाखाचा सांधा सैल झाला, तर हादरा बसताच खरखर होते. व्हॉल्व्हमधील तंतू सैल झाल्यास नुसता टकटक धक्का लागूनही घंटेसारखा नाद उमटतो. जुन्या झालेल्या व्हॉल्व्हची वर्धनशक्ती हळूहळू कमी होते. तिचा ऱ्हास एकाएकी कळत नाही, फक्त आजचा आवाज गेल्या महिन्यापेक्षा फिका वाटतो. कॅमेऱ्याची घरघर, कपड्यांची सळसळ आणि आकाशातील कावळे हे तर यंत्राबाहेरचे दोष होते.

अशा साखळीत दोष शोधण्याची शिस्त ठरलेली आहे. प्रथम वीजपुरवठा तपासावयाचा. मग शेवटचा टप्पा एकटा चालवून पाहावयाचा, आणि तो शुद्ध असल्याची खात्री झाल्यावर एक एक टप्पा मागे यावयाचे. ज्या टप्प्याला जोडताच खरखर परतते, तेथे किंवा त्याच्या लगतच्या जोडणीत दोष असतो. एका वेळी एकच बदल करावयाचा, हा या पद्धतीचा कणा आहे. दोन भाग एकदम बदलले तर दोष गेला तरी तो कशाचा होता हे कळत नाही. जुने स्टीरिओ ॲम्प्लिफायर घरी दुरुस्त करणारे हौशी लोक आजही हीच पद्धत वापरतात. फरक असा की स्टीरिओ यंत्रात डाव्या आणि उजव्या अशा दोन सारख्या वाहिन्या असतात. एकीत बिघाड झाल्यास दुसरीशी मापे ताडून पाहता येतात, किंवा दोन्हींतील व्हॉल्व्ह आपसांत बदलले असता दोष बाजू बदलतो का ते पाहून निदान करता येते. १९३२ च्या ध्वनिलेखन यंत्राला अशी जुळी वाहिनी नव्हती. तुलना करावयाची ती स्वतःच्या कानातील स्मृतीशीच.

या कामात जिवाला धोकाही होता. व्हॉल्व्हच्या विवर्धकात काहीशे व्होल्टचा दाब असतो आणि यंत्र बंद केल्यावरही धारित्रांत विद्युतभार साठून राहतो. तो काढून टाकल्याशिवाय आत हात घालणे आजच्या दुरुस्ती करणाऱ्यांसाठीही तितकेच धोक्याचे आहे.

फितीवरील ध्वनी तत्काळ ऐकता येत नसे, ही आणखी एक मर्यादा. पुढच्या काळात चुंबकीय फीत आली तेव्हा नोंद केल्याबरोबर ती ऐकण्याची सोय झाली. त्यापूर्वी प्रकाशीय पद्धतीत ध्वनिलेखक कानाला श्रवणयंत्र लावून विवर्धकातून जाणारा आवाज ऐके. मात्र फितीवर प्रत्यक्ष काय उमटले हे ती धुऊन, छापून, वाळवून चालविल्यावरच कळे. तोपर्यंत नेपथ्य मोडलेले असू शकत असे. १,००० फुटांचे एक रीळ सुमारे ११ मिनिटे चालते. त्यातील एका सांध्यातील दोषामुळे पूर्ण दिवसाचे काम वाया जाण्याची शक्यता होती. यामुळे ध्वनिलेखकाचा होकार किंवा नकार हा चित्रीकरणातील शेवटचा शब्द ठरे, आणि दिग्दर्शकाला अभिनय कितीही आवडला तरी तो मानावा लागे.

प्रभातच्या चित्रपटांतील संवाद आणि गाणी समकालीन अनेक बोलपटांच्या तुलनेत स्वच्छ ऐकू येतात. याचे श्रेय संगीतकार आणि नटांच्या शुद्ध उच्चारांना आहेच. परंतु ध्वनिविभागाची शिस्त हे त्यामागील तितकेच महत्त्वाचे कारण होते.

== पुण्यातील स्टुडिओ ==

१९३३ मध्ये प्रभात कोल्हापूरहून पुण्यास आली. तेथे ध्वनिबंद चित्रीकरणगृह, प्रयोगशाळा, संकलनाची दालने आणि कार्यशाळा एकाच आवारात उभारण्यात आल्या. ध्वनिबंद गृहामुळे बाहेरचे आवाज टाळता आले, मात्र पोकळ भिंतींतून उलटणारा प्रतिध्वनी आटोक्यात ठेवणे हे नवे काम निर्माण झाले.

त्याच वर्षी शांताराम यांच्या ‘सैरंध्री’ या बोलपटाच्या रंगीत प्रती जर्मनीत तयार करून घेण्यात आल्या. रंग अपेक्षेप्रमाणे उतरले नाहीत आणि प्रयोग फसला. पुढील ‘अमृतमंथन’ (१९३४) मात्र मोठ्या प्रमाणावर यशस्वी ठरला. भागीदारांपैकी शांताराम यांचे नाव याच काळात दिग्दर्शक म्हणून सर्वतोमुखी झाले. दामले आणि फत्तेलाल पडद्यामागे राहिले. ‘सैरंध्री’ नावाचा चित्रपट एकदा मूक स्वरूपात आणि एकदा बोलक्या, रंगीत स्वरूपात, अशा दोन्ही प्रयोगांत दामले सहभागी होते, ही त्यांच्या कारकिर्दीतील एक लक्षणीय बाब आहे.

== संतपट ==

१९३६ मध्ये दामले आणि फत्तेलाल यांनी ‘संत तुकाराम’ दिग्दर्शित केला. पटकथा शिवराम वाशीकर यांची, संगीत केशवराव भोळे यांचे, छायाचित्रण व्ही. अवधूत यांचे होते. तुकारामांच्या भूमिकेसाठी विष्णुपंत पागनीस यांची निवड झाली. पागनीस हे रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणारे गायक नट होते. त्यामुळे ही निवड आरंभी धोक्याची वाटली होती. आवलीची भूमिका गौरी यांनी केली. त्या प्रभातमध्ये साध्या कामगार म्हणून आल्या होत्या. गावरान बोलणे आणि संसाराचा त्रागा त्यांनी इतक्या सहजतेने उभा केला की चित्रपटाचा तोल पागनीसांच्या शांत गायनाइतकाच त्यांच्यावरही उभा आहे.

मुंबईच्या सेंट्रल चित्रपटगृहात हा चित्रपट वर्षाहून अधिक काळ चालला. १९३७ मध्ये व्हेनिसच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात त्याचा गौरव झाला. खेड्यापाड्यांत फिरत्या चित्रपटगृहांतून तो दाखविला गेला आणि अनेक ठिकाणी प्रेक्षक पडद्यासमोर हात जोडत. या यशाच्या चर्चेत तुकारामांची लोकप्रियता आणि पागनीसांचा अभिनय यांचा उल्लेख नेहमी होतो. ध्वनीची भूमिका मात्र क्वचित सांगितली जाते. फिरत्या तंबूतील विवर्धक आणि कर्णे सामान्य प्रतीचे असत. तेथे गुंतागुंतीचे वाद्यवृंद विरघळून जात. ‘संत तुकाराम’मध्ये आवाज पुढे आणि साथ मोजकी आहे. पागनीसांच्या गायनातील प्रत्येक शब्द वेगळा ऐकू येतो. अभंगाचा अर्थ पोहोचणे हाच ज्या चित्रपटाचा प्राण, तो निकृष्ट कर्ण्यांतूनही पोहोचला. शांताराम आठवले यांनी या चित्रपटासाठी अभंगाच्या धाटणीने लिहिलेले एक गीत अनेकांना मूळ तुकारामांचेच वाटले, ही गोष्टही सर्वश्रुत आहे.

चमत्काराच्या दृश्यांत दिग्दर्शकांनी संयम राखला. तुकारामांचे वैकुंठगमन यांत्रिक कौशल्याने दाखविले असले, तरी खाली उभी असलेली आवली आणि मुले यांच्याकडून नजर हटत नाही. यंत्राची जाण असलेला दिग्दर्शक यंत्राचे प्रदर्शन टाळू शकतो, असे या दृश्याबाबत म्हणता येईल.

पुढे दामले आणि फत्तेलाल यांनी ‘गोपाळकृष्ण’ (१९३८) बोलपटाच्या रूपात काढला. त्यात राम मराठे यांनी बालकृष्णाची आणि शांता आपटे यांनी राधेची भूमिका केली. ‘संत ज्ञानेश्वर’ (१९४०) मध्ये शाहू मोडक प्रमुख भूमिकेत होते. रेड्यामुखी वेद वदविण्याचा प्रसंग या चित्रपटात आहे. तो पडद्यावर पटण्यासाठी चित्राइतकाच ध्वनीचा मेळ आवश्यक होता, कारण पडद्यावरील आवाज किंचितही सुटा वाटला तर प्रसंग हास्यास्पद झाला असता. ‘संत सखू’ (१९४१) हा दामले, फत्तेलाल आणि राजा नेने यांनी दिग्दर्शित केला. हंसा वाडकर यांची त्यात मध्यवर्ती भूमिका होती. सुनेच्या छळाची ही कथा दोन सखूंच्या भ्रामक दृश्यांमुळे तांत्रिकदृष्ट्याही अवघड होती. परंतु ‘संत तुकाराम’ची सहजता या नंतरच्या चित्रपटांत क्वचितच दिसते.

== अखेरची वर्षे ==

दुसऱ्या महायुद्धामुळे परदेशी मालाची आवक घटली. कच्ची फीत, व्हॉल्व्ह आणि सुटे भाग मिळणे कठीण झाले. १९४३ मध्ये सरकारने चित्रपटाची लांबी ११,००० फुटांपर्यंत मर्यादित केली. ‘संत तुकाराम’ त्याहून लांब होता, यावरून या बंधनाची कल्पना यावी. नवा भाग मागविता येत नसल्याने जुनी यंत्रे दुरुस्त करून चालविणे याखेरीज स्टुडिओंना पर्याय राहिला नाही.

त्यातच धायबर यांच्यापाठोपाठ शांताराम यांनीही १९४२ मध्ये प्रभात सोडली. पाच भागीदारांची एकजूट मोडली आणि कंपनीची जबाबदारी प्रामुख्याने दामले व फत्तेलाल यांच्यावर पडली. गजानन जागीरदार यांच्या दिग्दर्शनाखाली पूर्ण झालेला ‘रामशास्त्री’ (१९४४) हा त्या काळातील प्रभातचा उल्लेखनीय चित्रपट. ५ जुलै १९४५ रोजी दामले यांचे निधन झाले. त्या वेळी ते ५२ वर्षांचे होते. फत्तेलाल १९६४ पर्यंत हयात होते.

== नंतरचा इतिहास ==

दामले यांच्यानंतर प्रभातची घसरण थांबली नाही. १९५० नंतरच्या काही वर्षांतच कंपनी बंद पडून तिच्या मालमत्तेची विक्री झाली. पुण्यातील स्टुडिओच्या आवारात १९६० मध्ये केंद्र सरकारने चित्रपट प्रशिक्षण संस्था सुरू केली. आज ती भारतीय चित्रपट आणि दूरचित्रवाणी संस्था म्हणून प्रसिद्ध आहे. दामले यांच्या काळातील चित्रीकरणगृहात आता ध्वनिलेखनाचे विद्यार्थी शिकतात. दामले यांचे पुत्र अनंतराव दामले यांनी प्रभातच्या चित्रपटांचे हक्क परत मिळविले, त्यामुळे ‘संत तुकाराम’सह अनेक चित्रपट पुन्हा प्रेक्षकांसमोर आले. ज्या फितींवरील ध्वनिपट्टी दामले यांच्या विभागात उमटली, त्यांच्यापासून नव्या प्रती काढताना जुन्या पट्टीतील खरखर आणि मूळ आवाज यांची निवड करण्याचे काम पुढच्या पिढीच्या तंत्रज्ञांना करावे लागले.